नुसते बी.एस्सी. कापरेकर मास्तर



स्मरणिका समितीनं शाळेची एखादी आठवण लिहून द्या म्हणून निरोप धाडला होता. छड्यांच्या, सहलीच्या, गॅदरिंगच्या आठवणी बाकीचे लिहितीलच, आणि माझ्यापेक्षा चांगल्या लिहितील. मी पडलो गणिताचा मास्तर. मला माणसांच्या आधी आकडे दिसतात. आपण दहावी झालो १९८० साली. मेळावा होतोय २०२५ साली. मधे गेली ४५ वर्षं. आता ४५ ला ४५ नं गुणून बघा. उत्तर येतं २०२५. त्या २०२५ चे मधोमध दोन तुकडे करा, २० आणि २५. बेरीज करा. पुन्हा ४५.

समितीनं हे बघून वर्ष ठरवलेलं नाही, हे मी खात्रीनं सांगतो. मंगल कार्यालय कधी मोकळं आहे, यावर सगळं ठरलं. पण योग जुळून आला खरा. पंचेचाळीस वर्षांच्या मेळाव्याला असा योग दुसऱ्या कुठल्या सालात येणार नाही.

ज्या संख्येचा वर्ग केला, त्याचे दोन तुकडे केले आणि बेरीज केली की मूळ संख्याच परत मिळते, तिला जगभर कापरेकर संख्या म्हणतात. ९ आहे (८१, म्हणजे ८ अधिक १), ४५ आहे, ५५ आहे, ९९ आहे. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ अधिक २०९ म्हणजे २९७. ज्यांच्या नावावरून हे नाव पडलं ते कापरेकर कुणी परदेशी विद्यापीठातले प्रोफेसर नव्हते. नाशिकजवळच्या देवळालीत ते शाळामास्तर होते. शिक्षण बी.एस्सी. पुढं काही नाही.

त्यांच्याबद्दल लिहायचं कारण मात्र आकड्यांपेक्षा वेगळं आहे. जूनमध्ये मेळाव्याच्या तयारीसाठी आपण जळोचीत जमलो होतो, तेव्हा चहाच्या वेळी आपल्या वर्गातली एक मैत्रीण मला बाजूला घेऊन बोलली. दहावीनंतर वर्षा-दोन वर्षांत तिचं लग्न झालं आणि ती इंदापूर तालुक्यात दिली गेली, हे तुम्हाला आठवत असेल. आता तिची नात बारावी सायन्स झाली आहे. सीईटीला मार्क बरे आहेत. पुण्यात किंवा इथंच बारामतीत कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला नंबर लागेल, असं घरातले म्हणतात. आणि पोरगी म्हणते, मला गणित घेऊन बी.एस्सी. करायचंय. घरात दोन आठवडे नीट जेवण नाही. आजीनं मला विचारलं, कारण वर्गातून बी.एस्सी. केलेला, तेही गणित घेऊन, असा मीच. विचारता विचारता ती जरा अडखळली, आणि मग तिनं विचारलंच, की तुला कधी पस्तावा झाला का.

मला पटकन उत्तर देता आलं नाही. हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर अर्धं खोटं. घरी आल्यावर वाटलं, आपल्यापेक्षा कापरेकरांची हकिकत तिला सांगावी. ती सांगताना गोड गोड तेवढं सांगायचं नाही, एवढं मात्र ठरवलं.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. आज डहाणू पालघर जिल्ह्यात आहे, तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून, आणि ज्योतिषाचा भारी नाद. ज्योतिष खरं की खोटं, यात मी शिरत नाही. आपल्याच वर्गात दोघं-तिघं पत्रिका बघणारे आहेत आणि मेळाव्यात मला त्यांच्याच पंगतीला बसायचं आहे. पण पत्रिका मांडायची तर आकडेमोड करावीच लागते, तीही न चुकता. आईवेगळं पोर वडिलांच्या शेजारी बसून ती आकडेमोड बघत वाढलं. आकड्यांची गोडी लागली ती तिथं.

पुढचं शिक्षण ठाण्याच्या शाळेत झालं. कोडी सोडवण्यात हा मुलगा तासन्‌तास रमायचा. असा मुलगा प्रत्येक वर्गात एखादा असतो. मी तीस-पस्तीस वर्षांत असे सात-आठ पाहिले असतील. पाठ्यपुस्तकातली गणितं त्यांना कंटाळवाणी वाटतात, आणि वहीच्या शेवटच्या पानावर त्यांचं स्वतःचंच काहीतरी चाललेलं असतं. बहुतेकांचं ते दहावी-बारावीच्या मार्कांच्या धबडग्यात सुटतं. कापरेकरांचं सुटलं नाही.

१९२३ साली ते पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात आले. पुणे विद्यापीठ तेव्हा नव्हतं, ते निघालं १९४९ साली. फर्ग्युसनची पदवी मुंबई विद्यापीठाची मिळे. त्या काळी कारकुनाच्या मुलानं कॉलेजात जाणं हीच मोठी उडी. वकिली, सरकारी नोकरी या वाटा पदवीधराला दिसत होत्या, आणि त्या वाटांनी जायला विज्ञानाची पदवी काही अटळ नव्हती. गणितासाठी म्हणाल तर तेही बी.ए. ला घेता येत असे. टिळकांनी डेक्कन कॉलेजात तेच केलं आणि पुढं वकिलीची परीक्षा दिली. कापरेकर बी.एस्सी. च्या वाटेनं गेले आणि त्या वाटेवरच राहिले.

कॉलेजात असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं. हे बक्षीस मार्कांसाठी नव्हतं. गणितात विद्यार्थ्यानं स्वतःच्या डोक्यानं काही नवं केलं असेल, त्याला ते मिळे. ज्यांच्या नावाचं हे बक्षीस, ते रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे स्वतः फर्ग्युसनचे विद्यार्थी आणि बी.एस्सी. च. केंब्रिजला जाऊन १८९९ साली सीनियर रँग्लर झाले, तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले, आणि परत येऊन फर्ग्युसनलाच शिकवायला उभे राहिले. मुलांनी त्यांच्याकडं बघत वाढायचं, असा तो काळ होता. आमच्या वेळी बक्षीस म्हटलं की स्टीलचा डबा किंवा भांडं. घरात उपयोगी पडायचं, हे खरं.

१९२९ साली कापरेकर बी.एस्सी. झाले.

आता इथं थांबायला हवं, कारण आमच्या मैत्रिणीचा प्रश्न नेमका इथला आहे. बी.एस्सी. करून पुढं काय? परांजपे केंब्रिजला गेले. कापरेकरांनी पुढची पदवी घेतली नाही. एम.एस्सी. नाही, संशोधक म्हणून कुठल्या प्रोफेसरच्या हाताखाली उमेदवारी नाही. देवळालीच्या शाळेत मास्तर म्हणून लागले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिले. तीस वर्षांच्या वर एकच गाव आणि एकच पेशा. पोरांना आकडेमोड शिकवणारे मास्तर आणि संख्यासिद्धांतात नाव काढणारे कापरेकर, ही एकाच माणसाची दिवसाची आणि रात्रीची पाळी होती, असं आपण समजतो. मला तसं वाटत नाही. शिकवणं आणि शोधणं त्यांच्यात वेगळं नव्हतंच. वर्गात पोरांना गोडी लागावी म्हणून जे आकड्यांचे खेळ दाखवायचे, तेच खेळ ते स्वतःही खेळत होते. आसपासच्या कॉलेजांतूनही त्यांना बोलावणं येई, आकड्यांच्या या करामती दाखवायला.

त्या करामती सांगतो. कागद-पेन्सिल घ्या, मोबाईल नको.

आपलं दहावीचं साल घ्या, १९८०. त्यातले अंक मोठ्याकडून लहानाकडं लावा, ९८१०. मग उलट लावा, ०१८९. वजाबाकी करा, ९६२१. आता याचंही तेच करा. ९६२१ वजा १२६९, उत्तर ८३५२. पुन्हा. ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. आणखी एकदा. ७६४१ वजा १४६७, उत्तर परत ६१७४. आता कितीही वेळा करा, तिथंच राहणार. आपण तीन पायऱ्यांत पोचलो. २०२५ घेतलं तर ४९९५, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि मग ६१७४, अशा सहा पायऱ्या लागतात. चारही अंक सारखे नसतील तर कुठलीही चार अंकी संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ वर येऊन थांबते. तुमचा गाडीचा नंबर घेऊन बघा. (०००७ सारखे नंबरही चालतात, शून्यं धरायची.)

यात जादू काही नाही, आणि नाही म्हणूनच मला ते आवडतं. चार अंकांतल्या सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान अंकाचा फरक काढा. १९८० मध्ये ९ वजा ०, म्हणजे ९. मधल्या दोन अंकांचा फरक काढा. ८ वजा १, म्हणजे ७. वजाबाकीचं उत्तर म्हणजे पहिल्या फरकाची ९९९ पट अधिक दुसऱ्या फरकाची ९० पट. ८९९१ अधिक ६३०, म्हणजे ९६२१. हिशेब जुळला. आता दुसरा फरक पहिल्यापेक्षा मोठा असू शकत नाही, म्हणून अशा जोड्या फक्त ५४ होतात. हजारो संख्या पहिल्याच वजाबाकीत ५४ उत्तरांत गोळा होतात. ती ५४ हातानं तपासता येतात. नववीच्या पोरांकडून मी ती फळ्यावर तपासून घेत असे. अर्धा तास लागतो, आणि त्या अर्ध्या तासात मागच्या बाकावरचाही झोपत नाही.

ही ६१७४ ची गोष्ट कापरेकरांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडली. पुढं १९५५ साली न्यूयॉर्कहून निघणाऱ्या स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या नियतकालिकात तिच्यावर त्यांचा लेख आला. आज या संख्येला कापरेकर स्थिरांक म्हणतात, आणि कॉम्प्युटर शिकणाऱ्या पोरांना प्रोग्राम लिहायला म्हणून हीच रीत देतात. म्हणजे आमच्या मैत्रिणीची नात इंजिनिअरिंगला गेली तरी कापरेकर तिला तिथं भेटतीलच.

दुसरी करामत. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेनं नि:शेष भाग जातो, तिला त्यांनी हर्षद संख्या म्हटलं. हर्षद, म्हणजे आनंद देणारी. १२ घ्या, १ अधिक २ म्हणजे ३, आणि १२ ला ३ नं भाग जातो. १९८० ची अंकांची बेरीज १८, भाग जातो, उत्तर ११०. २०२५ ची बेरीज ९, भाग जातो, उत्तर २२५. ४५ ची बेरीज ९, भाग जातो, उत्तर ५. आपलं साल, मेळाव्याचं साल आणि मधली वर्षं, तिन्ही हर्षद. त्यांचं स्वतःचं जन्मसाल १९०५, त्याची बेरीज १५, आणि १९०५ ला १५ नं भाग जातो. हे त्यांनी स्वतः पाहिलं नसेल, असं मला वाटत नाही.

तिसरी मला सगळ्यात प्रिय. कुठलीही संख्या घ्या, तिच्यात तिचे अंक मिळवा, नवी संख्या तयार होते. २१ मध्ये २ आणि १ मिळवले की २४. म्हणजे २४ चा जन्म २१ पासून झाला. पण काही संख्या अशा आहेत, की त्यांना असं कुणी जन्म देणारंच नाही. २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७ या तशा. कापरेकरांनी त्यांना स्वयंभू म्हटलं. आपल्याकडं स्वयंभू पिंड असते, स्वयंभू गणपती असतो. स्वयंभू संख्या त्यांनीच आणली. हजेरीपटावर माझा नंबर ३१ होता. शाळेत असताना हे माहीत असतं, तर उशिरा आल्यावर बाकावर उभं राहताना जरा ताठ उभा राहिलो असतो.

आपलं १९८० साल मात्र स्वयंभू नाही. त्याचा जन्म १९६२ पासून. १९६२ मध्ये १, ९, ६ आणि २ मिळवा, १९८० येतं. १९६२ साली कापरेकर निवृत्त झाले. आणि त्याच साली बारामतीत तुळजाराम चतुरचंद कॉलेज सुरू झालं. ते झालं नसतं तर माझ्यासारखा जळोचीहून सायकल मारत बी.एस्सी. ला गेलाच नसता.

डेम्लो संख्या म्हणूनही त्यांचा एक प्रकार आहे. १ चा वर्ग १, ११ चा १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. डेम्लो हे कुणा गणितज्ञाचं नाव वाटेल. ते मुंबईकडच्या रेल्वे स्टेशनचं तेव्हाचं नाव होतं. तिथं त्यांना ती कल्पना सुचली. शोधाला स्टेशनचं नाव देणारा माणूस कसा असेल, याचा विचार करताना मला हसू येतं.

हसण्यावरून आठवलं. त्यांना खरंच हसणारे होते, आणि ते हसणं असं नव्हतं. देशातल्या बऱ्याच गणितज्ञांना हे सारं पोरखेळ वाटे. यात खोल सिद्धांत नाही, यानं विज्ञानाचं काही अडत नाही, आणि लिहिणारा कोण, तर नुसता बी.एस्सी. झालेला शाळामास्तर. मोठ्या नियतकालिकांत त्यांना सहसा जागा मिळाली नाही. मग लहानसहान नियतकालिकांतून लिहायचं, नाहीतर स्वतःच पुस्तिका छापायच्या. अशा कितीतरी पुस्तिकांवर प्रकाशक म्हणून त्यांचंच नाव आणि पत्ता देवळालीचा. शाळामास्तराच्या पगारात छपाईचं बिल काय असतं, हे इथं बसलेल्या शिक्षकांना मी सांगायला नको.

टीका करणाऱ्यांचं सगळंच चूक होतं, असं मी म्हणणार नाही. रामानुजन यांच्या पंगतीला कापरेकरांना कुणी बसवत नाही, आणि बसवूही नये. दहा बोटांमुळे आपण दहाच्या पटीत मोजतो, म्हणून यातल्या बऱ्याच गमती जमतात. सहा बोटांचे हात असते तर ६१७४ चं काही विशेष राहिलं नसतं. हा आक्षेप खरा आहे. पण पुढच्या गणितज्ञांनी त्यांच्या संख्यांवर लेख लिहिले, दुसऱ्या पायांत त्या कशा वागतात हे तपासलं, सिद्धता दिल्या. फालतू गोष्टीवर इतकी माणसं वेळ घालवत नाहीत.

नाव झालं ते उशिरा. मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतल्या सायंटिफिक अमेरिकन मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या गणिताच्या सदरात कापरेकरांवर लिहिलं. हे सदर जगभर वाचलं जाई. तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते आणि निवृत्तीला तेरा वर्षं झाली होती. ज्या मास्तरांना इथं हसत होते, त्यांच्या संख्या तिकडं लोक कागदावर मांडून बघू लागले.

मधली तेरा वर्षं कशी गेली, तेही सांगायला हवं. १९६६ साली त्यांच्या पत्नी वारल्या. पेन्शनमध्ये भागेना. म्हणून साठी ओलांडलेल्या माणसानं गणिताच्या आणि विज्ञानाच्या शिकवण्या घेतल्या. हौस म्हणून नव्हे, पोटासाठी. ज्यांच्या नावाची संख्या आहे, तो माणूस दुसऱ्यांच्या पोरांना पास करून देण्यासाठी शिकवण्या घेत होता. मैत्रिणीला मी हे फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनं विचारलं, की मग हे तू नातीला सांगणार का. मी म्हटलं, हेच आधी सांगणार.

कापरेकर १९८६ साली वारले. १९८२ ते ८५ मी बारामतीत बी.एस्सी. करत होतो, आणि त्या सगळ्या काळात ते देवळालीत हयात होते. बारामतीहून नाशिक म्हणजे एका एसटीचा, फार तर दोन एसट्यांचा प्रवास. मला त्यांचं नावही माहीत नव्हतं. आमच्या पुस्तकांत न्यूटन होते, ऑयलर होते, कॉशी होते. कापरेकर मला पहिल्यांदा भेटले ते नोकरीच्या पहिल्या वर्षी, शिक्षकांच्या खोलीत. एका वयस्कर सरांनी सुट्टीत चहाच्या कपाखालच्या कागदावर ६१७४ करून दाखवलं. मी विचारलं, हे गृहस्थ कुठं असतात. ते म्हणाले, गेले, मागच्याच वर्षी. मला पस्तावा कशाचा झाला असेल तर याचा. बी.एस्सी. केल्याचा नव्हे.

मैत्रिणीच्या प्रश्नाचं हे खरं उत्तर त्या दिवशी चहाच्या वेळी सुचायला हवं होतं.

माझं काय झालं तेही दोन ओळींत लिहितो, नाहीतर दुसऱ्याच्या आयुष्याआड लपल्यासारखं होईल. १९८२ च्या जूनमध्ये माझ्यापुढं तीन गोष्टी होत्या. कारखान्यावर स्लिप बॉय म्हणून चिकटायचं, चुलत्यांच्या ओळखीनं आयटीआयला जायचं, किंवा कॉलेज. वडिलांना आयटीआय पसंत होतं. वायरमन झाला तर उपाशी मरत नाही, हा त्यांचा हिशेब होता आणि तो चुकीचा नव्हता. आपल्यातले जे दोघं तिकडं गेले, त्यांचे बंगले तुम्ही पाहिले आहेत. मी कॉलेजला गेलो, कारण मला दुसरं काही जमेल असं वाटेना. एवढंच. मग बी.एड., मग सहा वर्षं अर्ध्या पगारावर एका संस्थेत, मग कुठं कायम झालो. त्या सहा वर्षांत घर बायकोच्या शिवणकामावर चाललं. हे लिहू का म्हणून तिला विचारलं, ती म्हणाली, लिहा, उशिरा का होईना.

आताच्या पोरांना यापेक्षा बरं आहे की वाईट, ते मला नीट सांगता येत नाही. बी.एस्सी. तीन वर्षांनी संपवता येतं, नाहीतर चौथं वर्ष करून ऑनर्स घेता येतं. पुण्यात आयसर झालं आहे, तिथं विज्ञान शिकायला देशभरातून पोरं येतात. आकडेवारीचं, संगणकाचं काम करणाऱ्या कंपन्या गणितवाल्यांना घेतात. दुसरीकडं, मास्तर व्हायचं तर बी.एड. वर टीईटी, टीईटी वर आणखी परीक्षा आणि पवित्र पोर्टलवर वर्षानुवर्षं वाट बघणं. पोरीच्या बापाला मी दोन्ही बाजू सांगितल्या. तो शांतपणे ऐकत होता. पोरगी गणितात हुशार आहे, हे त्याला कळत नाही असं नाही. तो कर्ज काढायला तयार आहे, पण इंजिनिअरिंगसाठी. बी.एस्सी. ची फी त्यामानानं किरकोळ, आणि नेमकं तेच त्याला खटकतं. ज्याला पैसे कमी पडतात, त्याला किंमतही कमी, असं त्याच्या मनात बसलंय. त्याला नावं ठेवायला मी तयार नाही. त्याची स्वतःची शाळा नववीत सुटली.

तुकोबांची पालखी बारामतीत मुक्कामाला होती, त्या आठवड्यात आजी नातीला घेऊन आमच्या घरी आली. दर्शनही होईल आणि हेही होईल, असा बेत. मी कापरेकरांची सगळी हकिकत पोरीला सांगितली. आई गेल्यापासून शिकवण्यांपर्यंत, काही वगळलं नाही. ती गप्प ऐकत होती. मग मी ६१७४ करून दाखवलं. तिनं दोन-तीन संख्या घेऊन पाहिल्या आणि विचारलं, पाच अंकांचं काय होतं. मी सांगितलं नाही. म्हटलं, तूच बघ.

पंधरा दिवसांनी तिनं फोनवर कागदाचा फोटो पाठवला. १२३४५ पासून सुरुवात. ५४३२१ वजा १२३४५, उत्तर ४१९७६. पुढं ८२९६२, मग ७५९३३, ६३९५४, ६१९७४, आणि पुन्हा ८२९६२. तिथं तिनं लाल पेनानं गोल केला होता. पाच अंकांत एका जागी थांबणं नाही, चार संख्यांच्या रिंगणात नुसतं फिरत राहणं आहे, हे तिनं स्वतः शोधलं होतं. दुसरी एक संख्या घेतली तर रिंगण वेगळं येतं, हेही तिला सापडलं होतं. खाली लिहिलं होतं, आजोबा, अशी एकूण रिंगणं किती, आणि ती एवढीच आहेत हे कसं सिद्ध करायचं.

रिंगणं तीन आहेत, एवढं मी कळवलं. सिद्ध करायची रीत कळवलेली नाही. चार अंकांसाठी ५४ जोड्या कशा तपासायच्या, ते तिनं पाहिलं आहे. त्यावरून ती पुढं जाते का, ते बघायचं आहे.

स्मरणिकेचा मजकूर उद्या छापायला जाणार, म्हणून हे आज संपवतो. इंजिनिअरिंगचा फॉर्म तिच्या वडिलांनी भरून ठेवलाय. बी.एस्सी. चा तिनं स्वतः भरलाय, आणि त्याची फी आजीनं भरली, हे घरात अजून कुणाला माहीत नाही. स्मरणिका मेळाव्यात वाटली जाईल तेव्हा कळेलच.